परग्रहावरचं ताट

विजार माझ्या मांडीवर येऊन पडली. चंदेरी. गुडघ्यापासून पार वरपर्यंत उसवलेली.

"आलीस एकदाची! सकाळपासून सांगून ठेवलंय हॉटेलवाल्यांना, शिवणारी बाई पाठवा म्हणून. ही कर. आणि मागच्या खोलीत चल, तिथे अजून ढीग पडलाय."

बोलणारा माझ्याच वयाचा. विशी ओलांडलेला. वर अंतराळवीराचा चंदेरी अंगरखा, खाली आखूड चड्डी, काखेत मासे पाळायचं काचेचं भांडं. ते त्याचं हेल्मेट. असल्या सोंगातला माणूस समोर उभा होता आणि तरी हसू त्याला येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. हातातली सुई बघितली, सावळा हात बघितला. तेवढ्यावर त्याला सगळं कळलं.

"मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"चंदेरी दोरा नसेल तर पांढरा चालेल," तो म्हणाला आणि चालू लागला.

मी उठले. विजार हातात घेऊन त्याच्या मागे गेले.

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. तो काय बोलला याचं मला एवढं काही वाटत नाही. मी उठले, याचं वाटतं.

ऐंशी सालाच्या मागेपुढची गोष्ट. यरुशलेममधल्या एका हॉटेलच्या तळमजल्यावर विज्ञानकथांच्या चाहत्यांचं संमेलन भरलं होतं. दोन दिवसांचं. भाषणं, चर्चा, पुस्तकांची टेबलं, आणि दुपारी पोशाखांची स्पर्धा. मी तिथे शिवायला गेले नव्हते. त्या दिवशी ज्या गोष्टीवर व्यासपीठावर चर्चा व्हायची होती, ती गोष्ट मी लिहिली होती. हे त्या इमारतीत एकट्या मलाच ठाऊक होतं.

आम्ही मूळचे ठाण्याचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मी नऊ वर्षांची असताना आई-बाबा मला घेऊन इथे इस्राएलला आले. विमानातून उतरल्यावर आम्हाला ट्रकात बसवलं आणि थेट नेगेव्हच्या वाळवंटात मित्स्पे रामोनला नेऊन सोडलं. एका बाजूला नजर पोचणार नाही एवढी मोठी दरी, उरलेल्या तिन्ही बाजूंना वाळू आणि दगड, मध्ये थोड्याशा इमारती. आई ट्रकातून उतरेचना. बाबांना म्हणाली, "इथे मार्केट कुठंय?" बाबा बोचकी खाली उतरवू लागले. ते पुढे फार वर्षं जगले नाहीत.

शाळेत पहिल्याच महिन्यात आईने डब्यात ओले पोहे दिले होते. गूळ, खोबरं, वेलची घातलेले. शेजारच्या मुलीने माझ्या डब्याचं झाकण उघडलं, डबा उचलून वर्गाला दाखवला आणि म्हणाली, "हे खाता की भिंतीला लावता?" वर्ग हसला. बाई हसल्या. बाईंनी लगेच तोंडावर हात ठेवला, पण मी बघितलं होतं. घरी येऊन मी आईला सांगितलं, उद्यापासून डबा नको, मला दुपारी भूक लागत नाही. पुढची सगळी शाळा मी दुपारची उपाशी काढली. आणि लोकांत तोंड उघडणं जे बंद झालं ते झालंच. आडनाव सांगणंसुद्धा नको व्हायचं. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, कोकणातलं गाव आहे त्यात. हजेरी घेताना बाई त्याच्या मध्यावर अडायच्या आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळायचा. म्हणून मी त्या अडायच्या आतच हात वर करायची.

शाळा संपली तशी शिवणकारखान्यात लागले. आम्ही हॉटेलांसाठी टॉवेलच्या कापडाचे गाऊन शिवायचो. दिवसभर मशीनचा आवाज, कुणाशी बोलायची गरज नाही. मला बरं होतं. संध्याकाळी गावातलं वाचनालय. तिथे एक फळी विज्ञानकथांची होती, हिब्रूत भाषांतर झालेल्या. ती मी एका टोकाकडून वाचत सुटले. त्या पुस्तकांत सगळेच परके असायचे. कुणालाच तिथली भाषा येत नाही, कुणालाच रस्ता माहीत नाही. मला ते घरच्यासारखं वाटायचं.

आणि खरं सांगायचं तर तसली पहिली गोष्ट मी आईकडूनच ऐकली होती. एलियाहू हन्नाबी, म्हणजे आमचा एलिया संदेष्टा, अग्निरथात बसून आकाशात गेला. तो जाताना आमच्या कोकणात उतरला, अलिबागजवळ. तिथे खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे. आई लहानपणी त्या खुणेत हात घालून आली होती. "कोपरापर्यंत गेला माझा हात," असं ती सांगायची. तेव्हा मला काय नवल अंतराळयानांचं?

विज्ञानकथांच्या चाहत्यांचा एक अंक निघायचा. सायक्लोस्टाइल केलेला, पिन मारलेला. त्यात वाचकांची पत्रं असत. सगळी पुरुषांची. संमेलनाच्या तीन वर्षं आधी मी एक पत्र पाठवलं आणि खाली नाव टाकलं, एरेझ. नुसतं एरेझ. पुरुषाचं नाव, हिब्रू, कुठल्याच हजेरीत न अडणारं. पत्त्याच्या जागी टपालपेटीचा नंबर. संपादकाने पत्र छापलं आणि मला वेगळं कार्ड लिहिलं. "प्रिय एरेझ, तुझ्यासारखा वाचक मिळणं हे आमचं भाग्य." मी ते कार्ड मशीनच्या खणात ठेवलं होतं.

तीन वर्षं आम्ही एकमेकांना लिहीत होतो. आमच्या गावाबाहेर टेकडीवर एक वेधशाळा आहे. एरेझ तिथे कामाला असणार, असं संपादकाने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो मला आपल्या मनातलं लिहायचा. आई आजारी आहे, घरात कुणाला हा नाद समजत नाही, एकटं वाटतं. जगात माझ्याशी मोकळेपणी बोलणारं माणूस म्हणजे तो, आणि तो बोलत होता भलत्याशीच.

मग मी त्याला गोष्ट पाठवली. त्याने लिहिलं, "एरेझ, ही आमच्या वार्षिक अंकात पहिली. संमेलनात तिच्यावर चर्चा ठेवतोय. तू आलाच पाहिजेस. तुझ्या नावाचा बिल्ला करून ठेवतो."

मला जायचं होतं. एका माणसाने तरी मला बघावं आणि म्हणावं, अच्छा, ती तू. एवढंच हवं होतं. ते सांगायला आज मला लाज वाटत नाही.

सुक्कोथच्या सणाची सुट्टी होती, कारखाना बंद. आईला थाप मारली की यरुशलेमला नोकरीचा इंटरव्ह्यू आहे. आई हरखली. आदल्या संध्याकाळी तिने एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला. आमच्यात चांगल्या कामाला निघताना, नवस फेडताना, लग्नात, बारशाला हे ताट लागतंच. पोहे भिजवायचे, गूळ-खोबरं-वेलची घालून रास करायची, भोवती पाच फळं, वर गुलाब. मग फळांवरची बराखा, देवाचे आभार. वासाच्या पानावरची वेगळी बराखा. शेजारच्या काकांनी येऊन ती म्हटली. सकाळी निघताना आईने उरलेला मलिदा ॲल्युमिनियमच्या डब्यात भरून माझ्या पिशवीत घातला.

"इंटरव्ह्यूच्या आधी एक घास खा. आणि गं, टाईमावर पोच. ऑफिसातली माणसं टाईम बघतात."

बेर-शेव्हाला बस बदलताना पायरीवर माझ्या झग्याची किनार अडकून उसवली. हॉटेलात शिरले तर दाराशीच टेबल, त्यावर बिल्ले मांडलेले, मागे एक पोरगी. माझा बिल्ला मला लांबूनच दिसला. एरेझ. सुरेख अक्षरात.

"तुला कोण हवंय?" पोरीने विचारलं.

बोट दाखवायचं होतं फक्त. हात वर झाला आणि मी तो केसांवरून फिरवला.

"कामाला आली असशील तर आत विचार," ती म्हणाली आणि माझ्या मागच्या माणसाकडे हसून बघितलं.

मी आत गेले. जिन्याखाली एक खुर्ची होती. स्वतःला म्हटलं, आधी किनार शिवू, तेवढ्यात धीर येईल, मग जाऊ. सुई-दोरा माझ्याजवळ कायम असतो. खाली वाकून टाके घालत होते, तेवढ्यात ती विजार पडली.

मागची खोली व्यासपीठाच्या अगदी पाठीशी होती. खिडकी नाही. एक दार बोळाकडे आणि दुसऱ्या बाजूला जाड पडदा, पडद्यापलीकडे व्यासपीठ. टेबलावर ढीग. हिरवे कान, पत्र्याची शेपटी, अंड्यांच्या खोक्यांना रंग देऊन केलेलं चिलखत, फाटलेले पंख.

"दोन वाजता स्पर्धा आहे. त्याआधी संपव," असं सांगून चंदेरी अंगरखेवाला गेला.

दार उघडं होतं. कुणी मला कोंडलं नव्हतं. मी केव्हाही उठून बसस्टँडवर जाऊ शकत होते. पण बोळात त्यांची माणसं उभी होती, मी निघाले असते तर कुणीतरी विचारलं असतं, कुठे चाललीस, काम झालं का? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पडद्याच्या अलीकडे मला राहवत नव्हतं आणि पलीकडे जायची छाती नव्हती.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. सुई हातात आली तशी माझी धडधड थांबली. मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी मला नाव विचारणार नाही, गोष्ट विचारणार नाही, मी आपली टाके घालीन आणि जाईन. त्यांनी मला नोकराणी ठरवलं आणि मी त्यात लपून बसले. एक पंख शिवला, कान लावले, शेपटीला अस्तर घातलं. काम चांगलं केलं मी. वाईट काम मला येतच नाही.

चंदेरी विजार हातात घेतली तेव्हा पलीकडे ध्वनिक्षेपक खरखरला. संपादकाचा आवाज होता. मी तो कधी ऐकला नव्हता, पण पहिल्या दोन वाक्यांत ओळखला. बोलताना तो पत्रातल्यासारखाच मध्ये थांबायचा.

"आता एरेझची गोष्ट."

माझी सुई जागच्या जागी राहिली.

माझ्या गोष्टीत दूरच्या ग्रहावर एक टोळी राहते. त्यांचा एक पुरुष कधीकाळी अग्निरथातून आकाशात गेलेला आहे. खडकावर चाकाची खूण आहे. तो परत यावा म्हणून ते लोक चपटं केलेलं धान्य भिजवतात, त्याची रास करतात, भोवती फळं मांडतात, पानाचा वास घेऊन त्या वासाला आशीर्वाद देतात. पृथ्वीवरून गेलेला एक अंतराळवीर हे बघतो. एवढीच गोष्ट. पोह्यांना मी पोहे म्हटलं नव्हतं. आईला आई म्हटलं नव्हतं.

कुठल्याशा विद्यापीठाचे एक प्राध्यापक चर्चेला बसले होते. ते बोलू लागले. आवाज गोड, सावकाश.

"लेखकाने फार बारीक चिमटा काढलाय. फळावर आशीर्वाद, वासावर आशीर्वाद, आकाशात गेलेला पुरुष. हे सगळं आपलं आहे, मंडळी. आपण शनिवारी शब्बाथ संपताना मसाल्याचा वास घेतोच की. पण मूळ लोकांपासून शेकडो वर्षं तुटलेल्या टोळीच्या हातात त्याचं काय होतं? माकडनक्कल. विधी राहिला, अर्थ उडून गेला. उरला फक्त ताटभर लगदा!"

सभागृह हसलं.

"आणि लेखकाने ते एका वाक्यात पकडलंय," संपादक म्हणाला. "अंतराळवीर त्या म्हाताऱ्या बाईला विचारतो..." तो मध्ये थांबला. त्याला थांबायचं कुठे ते बरोबर कळायचं. "हे खाता की भिंतीला लावता?"

काय हसले लोक! बाकं वाजवली. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी उचलल्या.

ते वाक्य मी लिहिलं होतं. कुणी माझ्या तोंडी घातलं नव्हतं. त्या वाक्यापायी मी शाळेत उपाशी राहिले आणि तेच वाक्य मी स्वतः जपून ठेवलं, कागदावर उतरवलं, टाईप करून यांना पाठवून दिलं. हसा म्हणून. मला तुमच्यात घ्या म्हणून. शाळेतल्या त्या पोरीने माझा डबा दाखवला होता. मी आईचं ताट दाखवलं. ती निदान दहाच वर्षांची होती.

मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती. प्राध्यापकाचा आला, हसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या एरेझचा आला.

"एरेझ दुर्दैवाने आला नाही," संपादक सांगत होता. "बिल्ला टेबलावर तसाच आहे. वेधशाळेत काम असेल. पण हा माणूस उंचावरून आपल्याकडे बघतोय हे नक्की."

मी पडदा बाजूला केला.

उजेड एकदम डोळ्यांत गेला. सभागृह भरलेलं. माझ्या एका हातात चंदेरी विजार, तिला लोंबणारी सुई, खांद्याला पिशवी. व्यासपीठावरच्या दोघांनी मान वळवली. संपादक दाढीवाला होता, माझ्या कल्पनेपेक्षा बुटका.

"झालं का शिवून?" तो हसून म्हणाला. "स्पर्धेला वेळ आहे अजून, बाई." लोक पुन्हा हसले.

"एरेझ मी आहे."

कुणाला ऐकू गेलं नाही. मलाही नीट गेलं नाही. मी टेबलाजवळ गेले, ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी.

"एरेझ मी आहे. गोष्ट माझी आहे."

"एरेझ पुरुष आहे," संपादक म्हणाला. तो अजून हसतच होता.

मी त्याच्याकडे वाकले. फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "तुझी आई हॉस्पिटलात होती. तिच्या उशाशी बसून तू माझी गोष्ट वाचलीस. तिला झोप लागेना तेव्हा मोठ्याने वाचलीस. हे तू मला लिहिलंस."

त्याचं हसू गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला. बघावं म्हणून मी तीन वर्षं वाट बघितली होती, ते बघणं हे. त्यात ओळख नव्हती. फसवला गेल्याचा राग होता.

प्राध्यापक मात्र खूश झाले. "वा! मग सांग ना आम्हाला, ही टोळी तुला सुचली कशी?"

मी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. वेलचीचा वास आला, गुलाबाचा आला.

"सुचली नाही," मी म्हटलं. "हे माझ्या आईने काल केलंय. मित्स्पे रामोनला. त्याआधी ती ठाण्याला करायची. तिची आई अलिबागजवळ करायची. टोळी नाही ती. आम्ही आहोत. बेने इस्राएल. हे ताट तुमच्याकडून तुटून गेलेलं नाही, ते आमचंच होतं."

सभागृह शांत झालं. पुढच्या रांगेत चंदेरी अंगरखेवाला बसला होता, भांडं मांडीवर घेऊन. त्याने मान खाली घातली.

शांतता संपादकाला सोसेना. अशा वेळी लोकांना हसवायचं असतं एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने सभागृहाकडे बघून डोळे मिचकावले, बाह्या सरसावल्या, बोटं पुढे केली. "बघू तरी परग्रहाची चव!"

मी डबा मागे ओढला.

"आधी हात धुऊन ये."

ते माझ्या तोंडून मराठीत निघालं. आईच्या आवाजात. ताटाजवळ कुणीही आलं, पाहुणा असो की घरचं पोर, आई हेच म्हणते. मग मी ते हिब्रूत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो बोटं तशीच पुढे धरून उभा राहिला. कुणी हसलं नाही.

प्राध्यापकाने घसा साफ केला. "पण मग मला एक कळत नाही. हे खरं होतं तर तू ते दुसऱ्या ग्रहावर का नेलंस?"

तेवढाच एक प्रश्न त्या दिवशी मला कुणी नीट विचारला.

"इथे ठेवलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं," मी म्हटलं. मग पुढचंही म्हटलं, कारण ते राहून गेलं असतं तर मी पुन्हा खोटं बोलले असते. "आणि मला लाज वाटत होती."

मी डब्याला झाकण लावलं. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले. चंदेरी अंगरखेवाल्याच्या मांडीवर विजार टाकली, जशी त्याने माझ्या मांडीवर टाकली होती.

"अर्धी झालीय. बाकीची तू शीव."

सुई तिच्यातच राहिली. चांगली सुई होती, पण मागितली नाही.

संपादकाने मला बाहेर दाराशी गाठलं. धापा टाकत होता. हातात माझ्या गोष्टीचे कागद होते.

"रागावू नकोस. गोष्ट मी छापतोच. पहिलीच छापतो, शब्द दिलाय." तो थांबला. "फक्त नाव एरेझच राहू दे. आणि ते ताट खरं आहे हे आता कुणाला सांगत बसू नकोस. खरं आहे म्हटलं की त्यातली कल्पना जाते. मग ते नुसतं तुमच्या लोकांचं काहीतरी होऊन बसतं."

तो वाईट माणूस नव्हता. ते मला आजही वाटतं. त्याला खरोखरच गोष्ट वाचवायची होती, माझ्यापासून.

"कागद दे," मी म्हटलं.

"पत्रं लिहिशील ना?"

हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. तो गेला की माझ्याकडे कुणी उरणार नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. मी कागद त्याच्या हातातून घेतले आणि निघाले. टेबलावर एरेझचा बिल्ला एकटाच पडून होता. त्याला मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आई शब्बाथच्या, शनिवारच्या विश्रांतीच्या वाराच्या, तयारीला लागली होती, नारळ खवत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. इंटरव्ह्यू नव्हता. मी गोष्टी लिहिते. एक तुला वाचून दाखवायची आहे.

आईला हिब्रू दुकानापुरतं येतं, वाचता येत नाही. मी कागद हातात घेऊन एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. रथ आला तशी ती खुलली. "कोपरापर्यंत गेला होता माझा हात, ते घातलंस का?" म्हणाली. मी पुढे सरकले. ताट आलं, फळं आली. मग ते वाक्य आलं. ते गाळता आलं असतं, तिला कळलंही नसतं. मी ते वाचलं.

खवणीचा आवाज थांबला.

"हे त्या पोरीनं म्हटलेलं ना? तुझ्या शाळेतल्या," आई म्हणाली.

मी वर बघितलं. मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"बाजूच्या बाईच्या मुलानं सांगितलं होतं मला, तेव्हाच. तू बोललीस, भूक लागत नाही. मी काय बोलणार? मला इथली भाषा येत नव्हती. कोणाशी भांडू?" तिने खोबरं बोटांनी एका बाजूला केलं. "रोज बारा वाजता मला आठवायचं, माझी पोर उपाशी बसलीय. पण गं, ते तू लिहून का ठेवलंस? त्या पोरीचं बोलणं तुझ्या हातानं?"

प्राध्यापकाला दिलं होतं ते उत्तर आईला देता येईना. ती पुन्हा खवायला लागली. तिने मला माफ केलं की नाही हे मी कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्या रविवारी मी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. ग्रह काढून टाकला. अंतराळवीर काढून टाकला. टोळी होती तिथे आमचं नाव घातलं, चपटं धान्य होतं तिथे पोहे घातले, आणि ते वाक्य ज्या पोरीचं होतं तिच्या तोंडी परत दिलं. सगळ्यात वर माझं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट, 'कर'सकट. कुणी वाचताना मध्यावर अडलं तर अडू दे. मी आता हात वर करून त्याची सुटका करणार नाही.

ती गोष्ट अजून कुणी छापलेली नाही. तीन ठिकाणांहून परत आली आहे, एका ठिकाणाहून 'यात कल्पना कमी आहे' असं लिहून. मी चौथ्या ठिकाणी पाठवणार आहे, पाचव्या ठिकाणी पाठवणार आहे. नाव बदलणार नाही, गाव बदलणार नाही, ताट पृथ्वीवरून हलवणार नाही. ज्याला त्या ताटापाशी यायचं असेल, त्याने आधी हात धुऊन यावं.